इम्पोर्टेड हाड

मध्यंतरी रात्री दोन वाजता आतेभावाचा फोन आला. आत्या अंगणात घसरली, गुडघ्याखालचं हाड दबलं, ऑपरेशन परवावर. मग मुद्दा. "डॉक्टर म्हणतात हाड उचलल्यावर खाली पोकळी राहणार. ती भरायला विरघळणारी अमेरिकन पावडर लागेल. दादा, तू तिकडेच आहेस, स्वस्तात मिळेल का?"

"कुठली? एचए की टीसीपी?"

त्याने डॉक्टरांना विचारलं. उत्तर मिळालं, "इम्पोर्टेड आहे, एफडीएवाली आहे. तुम्हाला काय करायचंय?"

मी पोटासाठी सिरॅमिकच्या भट्ट्या सांभाळतो, त्यामुळे डोकं सटकलं. अहो, हाच तर एकमेव प्रश्न आहे!

हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (एचए) आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (टीसीपी), दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटच. पांढरे दाणे, बघून फरक कळणार नाही. एकात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७, दुसऱ्यात १.५. एवढ्याशा फरकाने शरीरातलं वागणं पार बदलतं. टीसीपी काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत झिजतं आणि त्या जागी आपलं हाड येतं. भट्टीत नीट भाजलेलं एचए मात्र वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतं, एक्स-रेत पांढरं दिसत. दोघांचं मिश्रणही मिळतं. त्यात भट्टी चुकून साधारण ११२५ अंशांच्या वर गेली, की बीटाचं अल्फा होऊ लागतं, आणि ते आणखी लवकर विरघळतं.

बरं, 'विरघळणारी' म्हणजे चांगली, हे कोणी ठरवलं? दाणे हाड यायच्या आधीच विरघळले तर पुन्हा पोकळी. विरघळलेच नाहीत तर हाडात कायमचे खडे. वेग जुळला पाहिजे, आणि तो रसायन, छिद्रं, दाण्याचा आकार, पेशंटचं वय यांवर ठरतो. कुठल्या विमानाने आली यावर नाही.

एफडीएचंही ऐका. तिथे हे दाणे २००३ पासून 'क्लास टू'मध्ये आहेत. कंपनीने आपला माल आधीच बाजारात असलेल्या मालासारखाच आहे हे दाखवायचं असतं. बहुतेक वेळा माणसांवरची नवी चाचणी लागत नाही. यात लबाडी काही नाही, पण 'एफडीएवाली' म्हणजे सगळ्यांत उत्तम, हा अर्थ आपला आपण चिकटवलेला.

मी या सिरॅमिकच्या विरोधात आहे असं समजू नका. नाहीतर कंबरेचं हाड खरवडून काढायचं, म्हणजे दुसरी जखम, आणि ती कधीकधी मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस दुखते. गुडघ्याच्या नेमक्या अशाच फ्रॅक्चरवर २००८ साली एक अभ्यास छापून आला. त्यात कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट भरलेल्यांचं हाड, स्वतःचं हाड भरलेल्यांपेक्षा कमी खचलं होतं. (सिमेंट हं, दाणे नव्हेत. म्हणून तर विचारायचं!) ही कल्पना काही परवाची नाही. फ्रॅक्चरवर असलं फॉस्फेट वापरल्याचा अहवाल १९२० चा आहे, अमेरिकेतलाच. आणि आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हाडात भरायचं सिरॅमिक कधीच तयार केलंय. पण त्याला 'इम्पोर्टेड' म्हणता येत नाही ना!

डॉक्टरांना वेळ नसतो, मान्य. पण आपण भाजीवाल्याला मेथी कालची का आजची ते विचारतो, आणि आईच्या हाडात काय भरणार ते विचारायला लाजतो. नाव काय, किती टक्के एचए, किती टीसीपी, झिजायला किती वेळ, पाकिटावरचा स्टिकर फाइलला लावणार का... पाच मिनिटांचं काम.

आतेभाव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. डॉक्टर चिडले, पण खोका दाखवला. बीटा टीसीपी, शंभर टक्के. चांगला माल! मी काहीच पाठवलं नाही.

आत्या आता वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते. सहा महिन्यांनी एक्स-रे आहे. दाण्यांच्या कडा पुसट झाल्यात का ते कसं बघायचं, हे सध्या मी आतेभावाला फोनवर शिकवतोय.