आधी तपास, मग सुटे भाग

मोटार कुरकुरू लागली की आपल्याकडील मालक बहुधा दोहोंपैकी एका मार्गाचा अवलंब करतात: काचा चढवून रेडिओ मोठा करतात, किंवा गाडी गॅरेजात सोडून ‘आवाज तेवढा बंद करा’ असा मोघम हुकूम देऊन मोकळे होतात. पहिल्या मार्गातील धोका उघड आहे. परंतु दुसरा मार्ग वरकरणी सुज्ञपणाचा भासला, तरी तपासापूर्वीच निकाल देण्याची जी खोड आमच्या गॅरेजांना जडली आहे, तिचे मूळ या मोघम हुकमातच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गतिरोधकावर आवाज येतो एवढे ऐकताच लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकअॅब्सॉर्बर यांची यादी तयार होते, आणि हे सारे बदलल्यावरही आठवडा उलटतो न उलटतो तोच कुरकुर परतली, तर जाब कोणाला विचारावा हे गिऱ्हाइकाला उमगत नाही.

वस्तुतः असा आवाज बहुधा एकाच प्रकारे उत्पन्न होतो. एकमेकांवर दाबले गेलेले दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, क्षणभर घसरतात, आणि ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडली की सारंगीच्या तारेवर गज फिरावा तसा स्वर निघतो. तेव्हा तपासाचा पहिला प्रश्न ‘काय बदलायचे’ हा नसून ‘हे पृष्ठभाग केव्हा घासतात’ हा असला पाहिजे. आणि त्याचे उत्तर मिस्त्रीपेक्षा रोज गाडी हाकणाऱ्या मालकापाशीच अधिक असते.

ब्रेक दाबताना येणारी किंकाळी घ्या. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी दोनचार वेळा ब्रेक लावताच तो पुसला जाऊन आवाज थांबतो. कोकणात पावसाळ्यात हे नित्याचे आहे व त्यासाठी कपर्दिकही खर्चण्याचे कारण नाही. याउलट अनेक ब्रेक पॅडांना पोलादाची एक लहानशी पट्टी हेतुपुरस्सर बसवलेली असते. नवा असताना दहा-बारा मिलिमीटर जाड असलेला पॅड झिजून सुमारे दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. हा आवाज दोषाचा नसून निर्मात्याने आगाऊ देऊन ठेवलेल्या सूचनेचा आहे. तिच्याकडे कानाडोळा केला तर पुढे धातूवर धातू घासून खरखर सुरू होते, आणि जेथे केवळ पॅडवर भागले असते तेथे डिस्कचाही खर्च पदरी पडतो.

इंजिन सुरू करताच येणारी चिरचिर बहुधा पट्ट्याची असते. अनुभवी मिस्त्री, हात व बाह्या सांभाळून, चालत्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी शिंपडतो: आवाज क्षणभर नाहीसा झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यावा, आणि उलट वाढला तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण अपुरा आहे, असे समजावे. दोष पुलीचा किंवा टेन्शनरचा असेल, तर नुसता पट्टा बदलणे म्हणजे पैसे खर्चून थोडी मुदत मिळवणे होय.

सस्पेन्शनच्या कुरकुरीवर वाटेल ते तेल फवारण्याची आपली सवय जुन्या फियाट-अँबेसेडरच्या जमान्याचा अवशेष असावा. त्या गाड्यांच्या मागील चाकांवर पाटे असत आणि वेळोवेळी ग्रीसिंग करणे हा देखभालीचा दस्तुरच होता. आजच्या गाड्यांत जेथे तेथे रबरी बुश असतात. खनिज तेलाने त्यांची कुरकुर तात्पुरती शमते खरी, पण नैसर्गिक रबर त्या तेलाने फुगते आणि कमकुवत होते. काही लावायचेच तर सिलिकोनचे ग्रीस लावावे; पण तत्पूर्वी उभ्या गाडीचा एकेक कोपरा दाबून आवाज नेमका कोठून येतो ते ऐकावे. दारांच्या रबराची किंवा डॅशबोर्डच्या प्लास्टिकची करकर मात्र सवडीने पाहिली तरी चालेल.

या प्रकरणी केवळ मिस्त्रींना दूषण देणे न्याय्य होणार नाही. सुटा भाग बसवला की मिस्त्रीला भागावरची दलाली व मजुरी मिळते. तासभर गाडी फिरवून, कान देऊन दोष हुडकला आणि एखादा ढिला बोल्ट आवळून दिला, तर गिऱ्हाईक ‘एवढ्याशा कामाचे कसले पैसे’ म्हणून चालू लागते. निदानाला किंमत न देणाऱ्याला निदान मिळत नाही. म्हणून आवाज ब्रेक लावताना, वळताना, खड्ड्यात की थंड इंजिनावर येतो हे टिपून न्यावे, मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी, तपासाची मजुरी आपण होऊन द्यावी, आणि कारण जॉब कार्डावर लिहिले गेल्यावाचून एकही भाग बदलण्यास संमती देऊ नये; काढलेला जुना भागही मागून घ्यावा.