हातच्या काकणालाही आरसा लागतो

गेल्या महिन्यात दोह्यातील एका स्नेह्यांकडे शुक्रवारच्या जेवणाला आम्हांला एक गृहस्थ भेटले. मूळचे साताऱ्याकडचे. सतरा वर्षे सैन्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ईएमईच्या वर्कशॉपात जड वाहनांची दुरुस्ती केली आणि अखेरची काही वर्षे बारा-चौदा माणसे हाताखाली वागवली. येथे ते एका इमारतीच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. त्या इमारतीचा जनरेटर बंद पडला, की मेकॅनिक येईपर्यंत ते नुसते पाहत उभे राहतात. त्यांना नोकरी मिळाली आहे ती रक्षकाची; यंत्राला हात लावण्याची मुभा नाही. "बिघाड कुठं आहे ते आवाजावरून कळतं हो, पण मला कळतं हे दाखवायला कागद कुठाय?" असे ते म्हणाले, तेव्हा जेवणारे सारेच गप्प झाले.

रक्षकाचे काम हलके आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उन्हाळ्यात बारा तास फाटकावर उभे राहणाऱ्याला आम्ही नमस्कारच करतो. परंतु ज्याला इंजिन खोलता येते, त्याने केवळ कागदाअभावी फाटक उघडावे, यात त्याचे नुकसान आहे, त्याच्या घरचे आहे आणि त्याला नोकरीस ठेवणाऱ्याचेही आहे.

हे असे का होते? जवानाजवळ त्याचे डिस्चार्ज बुक असते. त्यात त्याचा ट्रेड, त्याने केलेले कोर्स, वर्तणुकीचा शेरा, सारे नोंदलेले असते. पलटणीतला कारकून ते एका नजरेत वाचतो. पण दोह्यात माणसे निवडणारा अधिकारी कधी इजिप्तचा, कधी फिलिपिन्सचा, कधी आपलाच केरळीय बांधव असतो. 'क्लास वन' म्हणजे काय आणि पदोन्नतीच्या कॅडरमध्ये काय शिकवतात, हे त्याला कोठून ठाऊक असणार? तो विचारतो इतकेच की, डिप्लोमा कोणता, कोणत्या मंडळाचा, आणि दूतावासाचा शिक्का आहे का. बरे, शिक्क्यांसाठी मुंबई-दिल्लीच्या खेपा घातल्या, तरी शिक्का एवढेच सांगतो की कागद खरा आहे. कागद धारण करणाऱ्याला काय येते, ते कागदानेच सांगावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांला आवश्यक वाटते. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला पदवीधरासमान मानण्याची तरतूद केंद्र सरकारने १९८६ मध्ये केली. तसा दाखला हाती असलेले कित्येकजण स्वतःला बी.ए.च्या तोडीचे समजून आखातात येतात. तो दाखला सरकारी गट 'क'च्या काही पदांसाठी आहे. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. मायदेशात त्याचा उपयोग आहे, तो जरूर करावा. पण त्याच्या भरवशावर येथे पर्यवेक्षकाच्या जागेची आशा धरली, तर पदरी निराशाच येते.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राला लष्करी शिक्षणाबरोबर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. ज्या कतारमध्ये आपण राहतो, तेथील अहमद बिन मोहम्मद लष्करी महाविद्यालयातही अधिकारी होऊ पाहणारा तरुण कवायतीबरोबर नागरी विषयाची पदवी घेतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या लाखो सैनिकांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हापासून तेथील शिक्षण परिषद लष्करी कोर्स तपासून त्यांना महाविद्यालयाच्या हिशेबात किती गुण द्यावेत, याची शिफारस करीत आली आहे. ब्रिटनमध्येही सैन्यातील नेतृत्वाच्या प्रशिक्षणावर नागरी संस्थांची प्रमाणपत्रे मिळवता येतात. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हे.

आपल्याकडेही पाऊल पडले आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरच कायम होणार, बाकीचे ऐन पंचविशीच्या आतबाहेर घरी परतणार. त्यांच्यासाठी इग्नूची तीन वर्षांची खास पदवी जाहीर झाली असून, तिचे निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचेच धरले जातात. हे तत्त्व आम्हांला मोलाचे वाटते. सैन्यात शिकलेले हे शिक्षणच आहे, हे त्यात मान्य झाले. मग सतरा वर्षे वर्कशॉप चालवणाऱ्या हवालदाराला तोच न्याय का नको? आमची मागणी साधी आहे. डिस्चार्ज बुकाबरोबरच प्रत्येक जवानाला, कोणता कोर्स, किती तासांचा आणि राष्ट्रीय कौशल्य चौकटीतील कोणत्या पातळीचा, असे नागरी भाषेत लिहिलेले एक पत्रक मिळावे.

नेतृत्वाबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. दहा जणांचा सेक्शन सांभाळणारा हवालदार रोज माणसे मोजतो, हत्यारे मोजतो, पाळ्या लावतो, अपघात टाळतो आणि वर अहवाल देतो. साइटवरचा फोरमन याहून वेगळे काय करतो? तरीही एक फरक आहेच. पलटणीत हुकमामागे कायदा उभा असतो. येथे हाताखालचा माणूस कराराने बांधलेला असतो आणि त्याला तक्रारीचा हक्क असतो. तो नेपाळचा असेल, बांगलादेशचा असेल. त्याच्यावर आवाज चढवून काम होत नाही. म्हणून सैनिकाने आपले नेतृत्व नुसते प्रमाणित करून भागणार नाही. सुरक्षिततेचे नियम, कामगार कायदा आणि इंग्रजीत चार ओळींचा अहवाल लिहिणे, एवढी भर त्यात घालावीच लागेल. आयओश किंवा नेबॉशचे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आखातात सर्वत्र ओळखले जाते. ते घेतलेला माजी सैनिक पर्यवेक्षकाच्या जागेसाठी निदान दारात तरी उभा राहू शकतो.

कोणी म्हणेल, कागदावरून का माणसाची पारख होते? होत नाही, हे आम्हांलाही मान्य. पण अनोळखी मुलखात आपल्याला ओळखणारे कोणी नसते. तेथे प्रथम कागदच बोलतो. हातच्या काकणाला आरसा कशाला, ही म्हण आपल्या गावात खरी. दोह्यात आरसा लागतो. आणि म्हणूनच पैसे घेऊन घरपोच पदवी देणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. खोटा कागद पकडला गेला, की नोकरी तर जातेच, वर तुरुंगाची पाळी येते आणि सतरा वर्षांच्या स्वच्छ शेऱ्यावर डाग पडतो.

ज्यांचा भाऊ, पुतण्या वा भाचा आज सैन्यात आहे, त्यांना आमचे सांगणे आहे की, पुढच्या फोनवर एवढे विचारा: निवृत्तीपूर्वीच्या पुनर्वसन कोर्ससाठी नाव घातले का? ट्रेडची पूर्वज्ञान-चाचणी देऊन नागरी प्रमाणपत्र घेतले का? इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव नोंदवले का? ही कामे वर्दी अंगावर असताना सोपी असतात. विमानाचे तिकीट काढल्यावर ती करू जाणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

आणि येथील आपल्या मंडळींनी काय करावे? आपल्यात अभियंते आहेत, भरती करणारे अधिकारी आहेत. महिन्यातला एक शुक्रवार, दोन तास, त्यांनी माजी सैनिकांची पुस्तके घेऊन बसावे, कोर्सची नावे उलगडून नीट अर्ज लिहून द्यावा आणि कोणते प्रमाणपत्र कमी पडते, ते सांगावे. याला निधी लागत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांची आठवण ठेवणारा स्तंभ गावात आहे. गेलेल्यांचा हिशेब आपण दगडावर कोरून ठेवतो. परत आलेल्यांना काय येते, याची नोंद एका कागदावर करणे अवघड नसावे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यांतले काही दोह्यालाही येतील. त्यांनी फाटकावर उभे राहायचे की वर्कशॉपात, हे बरेचसे आज कोण त्यांना काय सांगतो यावर ठरणार आहे.