कपाटाआधी ओसरी

नांदेड-हिंगोली रस्त्यावर अर्धापूर मागं पडलं की थोड्या वेळात डोंगरकडा लागतं. केळी, ऊस आणि हळदीचं हे गाव. तालुका कळमनुरी, पण नांदेडचा राबता जास्त. आसपासच्या खेड्यांतली माणसं कामाधामाला इथं येतात, रस्त्यावर गाडीची वाट बघत उभी राहतात. अशा मोठ्या गावात आज नवं सार्वजनिक वाचनालय उभारायचं ठरलं, तर पहिला खर्च कशावर करावा? बसायच्या जागेवर, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं त्यानंतर घ्यावीत.

आपल्याकडचं नेहमीचं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. समाजमंदिराला चिकटलेली एक खोली, भिंतीला पाठ लावून उभी लोखंडी कपाटं, त्यांना कुलपं. मधोमध एक लांब टेबल, त्यावर चार वर्तमानपत्रं आणि भोवती सहा-सात पुरुष. दार एकच, आणि त्या दारातच माणसं बसलेली. कॉलेजातून परतणारी मुलगी त्या दारातून आत जाईल का? तिची आई जाईल का? ‘बायका येतच नाहीत’ असं संचालक मंडळ म्हणतं, तेव्हा आधी त्या दाराकडे बघावं.

हे असं का झालं, त्याचं एक कारण सरकारी हिशेबात आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र अ, ब, क, ड हे वर्ग ठरताना प्रामुख्यानं पुस्तकं, नियतकालिकं आणि सभासद मोजले जातात. सावली, खुर्च्या, स्वच्छतागृह यांचा विचार त्यामानानं मागं पडतो. जे मोजलं जातं तेच वाढतं, म्हणून कपाटं वाढली. त्यात पैसा तुटपुंजा. २०२२मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तरी तेव्हा गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार आले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि ग्रंथपालाचं मानधन. एवढ्यात ते दोन-तीन तास उघडं राहतं, हेच ग्रंथपालांचे उपकार म्हणायचे.

वाचनालय म्हणजे लोकांनी एकत्र बसायची जागा, हे मराठवाड्याला नव्यानं सांगायची गरज नाही. परभणीचं गणेश वाचनालय १९०१चं, आणि हिंगोली १९९९पर्यंत त्याच जिल्ह्यात होती. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी आदेशामुळे साध्या सभेलाही परवानगी लागायची. त्या काळात वाचनालयं, गणेशोत्सव, खाजगी शाळा हीच माणसं जमण्याची ठिकाणं होती.

आता कोपरगावचं उदाहरण घेतो. तिथल्या शारदा शाळेच्या आवारात २०१८मध्ये माया सोमय्या ग्रंथालय उभं राहिलं. वास्तुरचनाकार समीप पडोरा यांच्या कार्यालयानं ते विटांच्या पातळ थरांच्या कमानीसारख्या छतानं बांधलं. हे छत जमिनीतून वर येतं आणि पुन्हा जमिनीला टेकतं. मुलं पळत त्याच्यावर चढतात आणि पलीकडे उतरतात. खाली, त्याच छताच्या पोटात, पुस्तकं आणि बसायच्या जागा. मुलाला ‘वाचायला चल’ म्हणावं लागत नाही, खेळता खेळता ते आत शिरतं. हे शाळेचं ग्रंथालय आहे, गावाचं नव्हे, आणि अशी कमान प्रत्येक गवंड्याला जमणारी नाही. घेण्यासारखा आहे तो त्यातला विचार. हेलसिंकीच्या ‘ऊदी’ ग्रंथालयात शिवणयंत्रंसुद्धा आहेत, आणि ‘पुस्तकांचं गाव’ भिलारमध्ये २०१७पासून लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली आहे. या तिन्हींमागं विचार एकच: लोक जिथं जातात तिथं वाचनालय न्यायचं.

डोंगरकड्यात मी सुरुवात ओसरीपासून करीन. रस्त्याकडे तोंड असलेली, रुंद, पत्र्याऐवजी जाड छताची ओसरी, बसता येईल एवढ्या उंचीचा ओटा आणि पिण्याचं पाणी. आतल्या खोलीला कुलूप असलं तरी ओसरी उघडी राहील. गाडीची वाट बघणारी बाई तिथं टेकेल. भिंतीवरच्या फळ्यावर हिंगोलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा भाव रोज लिहिला, तर शेतकरी थांबेल. तो थांबला की शेजारी मांडलेल्या पुस्तकांवर नजर जाईल. एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, जाळी हवी.

खरी अडचण आतल्या आवाजाची आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना शांतता लागते आणि रात्री अकरापर्यंत दिवा लागतो. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यानं वाचायचं असतं. आज अनेक ठिकाणी अभ्यासिकेनं वाचनालय गिळलं आहे: मुलं हाकलली गेली, म्हातारे घरी बसले. भरती निघाली की गर्दी, नाही तर शुकशुकाट. अभ्यासिकेवर माझा राग नाही. घरी दोन खोल्यांत सात माणसं असलेल्या पोरानं अभ्यास करायचा कुठं? म्हणून तिला वेगळी खोली, वेगळं दार आणि वेगळी किल्ली द्यावी. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि दारापर्यंत उजेडाची वाट असेल, तरच त्यांचे आईवडील संध्याकाळी त्यांना पाठवतील. मुलांच्या खोलीत कपाटं नकोतच, त्यांच्या कमरेएवढ्या उघड्या फळ्या हव्यात. चार पुस्तकं फाटतील, फाटू द्यावीत.

पैसे कुठून आणायचे? राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून मदत मागता येते, आमदार निधी आहे, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आहे. सभामंडपाला यातलेच पैसे निघतात. दुसऱ्या सभामंडपाआधी एका ओसरीचा ठराव मांडा, आणि त्याच ठरावात ग्रंथपालाच्या पगाराची तरतूद लिहून घ्या. ग्रामसभेची पुढची तारीख लागली की बायकांना आणि पोरांना घेऊन जा. दार कुठं हवं, हे त्यांनाच सांगू द्या.