टूरिंग बाइकला नवा सायलेन्सर? आवाजाआधी हे पाहा

रविवार उजाडला की भोरहून वरंधा घाटाकडे आणि वेल्ह्यातून राजगड-तोरण्याकडे बाइकची रांग लागते. काहींचा आवाज गाडी दिसण्याआधीच गावात पोहोचतो. बाहेरचा सायलेन्सर बसवायला हरकत नाही. तो आवाजासाठी निवडणे मात्र चूक आहे.

फायदा काय?
वजन कमी होते, घाटातल्या वळणांवर गाडी थोडी हलकी वाटते. नुसता सायलेन्सर बदलून ताकद फारशी वाढत नाही.

कोणता घ्यावा?
‘स्लिप-ऑन’मध्ये फक्त मागचा डबा बदलतो. ‘फुल सिस्टिम’मध्ये इंजिनपासूनचा पाइप बदलतो आणि अनेकदा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो. बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदीवर पेट्रोलचे प्रमाण ठरते, त्यामुळे ट्यूनिंगही बिघडू शकते. टूरिंगसाठी कन्व्हर्टर शाबूत ठेवणारा स्लिप-ऑनच बरा. आवाज दाबणारा ‘डीबी किलर’ काढू नये. साइड बॅग गरम डब्याला टेकत नाही ना, हेही पाहावे.

कायदा काय सांगतो?
१७५ सीसीवरील नव्या दुचाकींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परवान्यावरही गदा येते.

बाइकस्वार घाट ओलांडून निघून जातो. रस्त्याकडेच्या गावाला मात्र दिवसभर प्रत्येक गाडी ऐकावी लागते. निवड करताना तेही मोजावे.