हुकमाचा एक्का आणि बाकीची पानं

दर रविवारी आमची सकाळ, म्हणजे तिकडची जेवणं उरकल्यावरची वेळ. नानांचा व्हिडिओ कॉल येतो. नाना म्हणजे माझे वडील. अख्खी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली, आधी मिग आणि मग सुखोई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आभाळात आवाज आला की बोलणं अर्धवट सोडून मान वर जाते. मी राहतो इंग्लंडमध्ये, नॉरफोक परगण्यात. आमच्या घरावरून मारहॅमच्या तळावरची एफ-३५ विमानं जातात, त्यामुळे कधी कधी इकडचंही बोलणं थांबतं. परवा नानांनी विचारलं, "अरे, रशियाकडे एवढं भारी सुखोई-५७ आहे, युक्रेनचं युद्ध इतकी वर्षं चाललंय, मग ते पुढे का काढत नाहीत? का नुसतं प्रदर्शनापुरतं आहे?"

हाच प्रश्न आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो विमानच फुसकं आहे, दुसरा म्हणतो हुकमाचा एक्का कोणी पहिल्या हाताला खेळतं का? मला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतात. आणि हा प्रश्न आपल्यासाठी नुसता गप्पांचा उरलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियात सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ दोन्ही आली होती. रशिया आपलं विमान भारताला देऊ करतो आहे. याच विमानावर आधारलेल्या संयुक्त प्रकल्पातून भारत २०१८ मध्ये बाहेर पडला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

नवं विमान राखून ठेवणं ही आजची युक्ती नाही. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, हवाई दलाकडे जुलै १९४४ मध्ये मेटिओर हे जेट विमान आलं. दोस्तराष्ट्रांचं लढाईत उतरलेलं ते पहिलं जेट. पण त्याला सक्त ताकीद होती की जर्मनांच्या ताब्यातल्या भूमीवर जायचं नाही. एखादं पडलं आणि जेट इंजिन शत्रूच्या हाती लागलं तर काय, ही भीती. म्हणून मेटिओर इंग्लंडच्या किनाऱ्यावर लंडनकडे येणारे जर्मनांचे उडते बॉम्ब पाडत राहिलं. ऑगस्टमध्ये एका वैमानिकाच्या तोफा ऐन वेळी अडकल्या, तेव्हा त्याने आपला पंख बॉम्बच्या पंखाखाली सारून तो कलंडवला! पुढे १९४५ मध्ये काही विमानं बेल्जियमला गेली, पण जर्मनांच्या जेटशी मेटिओरची गाठ कधी पडलीच नाही. गंमत पुढेच आहे. ज्या इंजिनाला एवढं जपलं, तशीच रोल्स-रॉइसची जेट इंजिनं ब्रिटन सरकारने १९४६ मध्ये सोव्हिएत रशियाला चक्क विकली. त्यांतल्या एकाची नक्कल मिग-१५ मध्ये बसली आणि १९५१ मध्ये कोरियाच्या आभाळात ऑस्ट्रेलियाच्या मेटिओरांना त्याच मिगने पळता भुई थोडी केली. शत्रूपासून जपलेलं गुपित आपल्याच दुकानाच्या गल्ल्यावरून गेलं.

स्टेल्थ विमानाचं गुपित मात्र इंजिनापेक्षा नाजूक. हे विमान अदृश्य नसतं. त्याचा आकार आणि अंगावरचा लेप असा असतो की रडारची लहर परत फार कमी जाते, तीही सगळ्या बाजूंनी आणि सगळ्या तरंगलांबींना सारखी नाही. कुठल्या कोनातून, कुठल्या रडारला, किती अंतरावरून ते किंचित दिसतं, ही माहिती म्हणजेच खरं गुपित. ते कळायला विमान पाडावंच लागतं असं नाही. शत्रूच्या रडारासमोर ते पुन्हा पुन्हा फिरलं तरी तिकडे नोंदी जमत जातात. म्हणून शांततेच्या काळात ही विमानं अंगावर मुद्दाम छोटी परावर्तकं लावून उडतात, रडारला नीट दिसावीत म्हणून! खरा चेहरा लढाईसाठी राखलेला.

आणि पाडलं गेलंच तर? २७ मार्च १९९९ ला सर्बियात ते झालं. अमेरिकेचं एफ-११७ तोवर लढाईत कधी पडलेलं नव्हतं. सर्बियाच्या झोल्तान दानी या अधिकाऱ्याच्या तुकडीने ते जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं. त्यांची शिस्त जबरदस्त होती. रडार काही सेकंदच चालू ठेवायचं आणि जागा सतत बदलायची. उलट अमेरिकी विमानं त्याच त्याच वाटांनी येत होती. त्या विमानाचे तुकडे आज बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात मांडलेत. आपल्याकडचं ताजं उदाहरण मे २०२५ चं. पाकिस्तानने डागलेल्या चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष भारतात पडले आणि हवाई दलाने ते पत्रकारांसमोर दाखवले. आपल्या शास्त्रज्ञांना असा नमुना विकत घेऊन मिळाला नसता.

मित्रदेशात विमान अडकलं तरी जीव कसा खालीवर होतो, हे २०२५ च्या जूनमध्ये आपण पाहिलं. इथल्या नौदलाच्या विमानवाहू जहाजावरचं एक एफ-३५ तिरुवनंतपुरमला उतरलं आणि बिघडलं. पाच आठवड्यांहून जास्त तिथे राहिलं, भर पावसाळ्यात. सुरुवातीला ते हँगरमध्ये न्यायलाही इथली मंडळी राजी नव्हती, अशा बातम्या होत्या. केरळ पर्यटन विभागाने त्यावर विनोदी जाहिरात केली, ऑफिसातल्या मल्याळी मित्राने ती मला तीनदा दाखवली.

इथवर दुसऱ्या तटाचं म्हणणं खरं ठरतं. पण माझं मत असं की राखून ठेवण्याचेही दोन प्रकार आहेत. एक, काम येईपर्यंत राखणं. दुसरा, काम समोर आलं तरी न पाठवणं. एफ-११७ कित्येक वर्षं गुपचूप रात्री उडत होतं, अमेरिकेने ते १९८८ पर्यंत कबूलही केलं नव्हतं. पण जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर पहिल्या रात्री तेच गेलं, कारण ते त्याच कामासाठी बनवलं होतं आणि त्या युद्धात एकही पडलं नाही. एफ-२२ डिसेंबर २००५ मध्ये सेवेत आलं, पण पहिली लढाई सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियात. मधल्या काळात इराक, अफगाणिस्तान, लिबिया सगळं होऊन गेलं. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००८ मध्ये सिनेटपुढे सांगूनच टाकलं की या दोन्ही युद्धांत या विमानाने एकही मोहीम केलेली नाही. बरोबरच होतं. तालिबानकडे रडार कुठे होतं? काम नव्हतं, म्हणून विमान गेलं नाही.

रशियाचं तसं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनकडे चांगली हवाई संरक्षण यंत्रणा होती आणि ती पहिल्या काही दिवसांत मोडणं हे स्टेल्थ विमानाचंच काम. सुखोई-५७ तेव्हा हातावर मोजण्याइतकी होती. ती दूर राहिली. पुढे ती वापरली गेली, पण बहुधा रशियाच्याच आभाळातून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडायला. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या संरक्षण खात्याने कारणंही सांगितली: पडलं तर नाव जाईल, परदेशी विक्रीला फटका बसेल आणि तंत्रज्ञान हाती लागेल. ब्रिटन काही तटस्थ पंच नाही, पण कारणं पटण्यासारखी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाचं स्टेल्थ ड्रोन युक्रेनच्या बाजूला भरकटलं, तेव्हा रशियन लढाऊ विमानानेच ते पाडलं. तरी अवशेष युक्रेनच्या हाती लागलेच. आणि जपून ठेवलेलं सुरक्षित असतं असंही नाही. जून २०२४ मध्ये आघाडीपासून जवळपास ६०० किलोमीटर आत, अख्तुबिन्स्कच्या तळावर उभ्या सुखोई-५७ ला ड्रोनच्या हल्ल्यात इजा झाल्याचं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून युक्रेनने दाखवलं.

दोन्ही तटांच्या बोलण्यात एक गोष्ट येतच नाही. एक्का हातात राहिला की दुसरी पानं खेळावी लागतात. मार्च २०२२ मध्ये चेर्निहिव्हच्या बाजूला रशियाची सुखोई-३४ विमानं साधे बॉम्ब घेऊन अगदी खालून उडत होती. यंत्रणा मोडलेली नव्हती, म्हणून ती पडली. रशियाने हे युद्ध सुरू केलं, त्यामुळे त्या वैमानिकांसाठी अश्रू ढाळा असं मी म्हणत नाही. दहा-पाच सुखोई-५७ नी चित्र पालटलं असतं असंही नाही. पण जपलेल्या विमानाचा हिशेब करताना न जपलेली विमानं खर्चाच्या बाजूला लिहिली पाहिजेत.

उलट उदाहरण इस्रायलचं. आपल्या बेने इस्रायली मंडळींना हे जवळून ठाऊक असेल. एफ-३५ त्यांच्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये लढाईसाठी सज्ज झालं आणि मे २०१८ मध्ये त्यांच्या हवाई दलप्रमुखाने ते दोन आघाड्यांवर वापरल्याचं जाहीरही केलं. त्यांना धोका माहीत नव्हता असं नाही. पण काम समोर होतं आणि आणखी विमानं येत होती.

ही संख्येची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेने एफ-२२ आधी सातशेच्या वर घ्यायचं ठरवलं होतं. लढाऊ तुकड्यांसाठी बनली १८७ आणि कारखान्याची लाइन बंद झाली. जे पुन्हा मिळणार नाही ते माणूस कुलपातच ठेवतो. भारताने दोन-तीन स्क्वाड्रनपुरती महागडी विमानं बाहेरून घेतली, तर तीही कुलपातच राहतील आणि पुढे जातील जुनी विमानं. माझ्या मावसभावाचा मुलगा सध्या खडकवासल्याला एनडीएत आहे. त्याला हवाई दलात जायचंय. तो कुठल्या विमानात बसेल हे त्याच्या हातात नाही.

म्हणून रशियन विक्रेत्याला "तुम्ही वापरलं का नाही?" असं विचारून उपयोग नाही, त्याचं उत्तर तयार असतं. विचारायचं ते हे, की एक पडलं तर दुसरं किती महिन्यांत येईल, आणि सुटे भाग, लेपाची दुरुस्ती, सॉफ्टवेअर यातलं आपल्या हाती किती असेल. स्वदेशी एएमसीए अजून उडायचं आहे. ते उडेपर्यंत मोह होणारच.

हे सगळं मी नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी इंजिनाचं विचारा म्हणावं. त्याचं नवं इंजिन अजून चाचणीतच आहे ना? इंजिन कोरापुटचं काम, आमचं नव्हतं, पण विमान जमिनीवर बसून राहिलं की शिव्या आम्हाला बसायच्या." मग आई मागून म्हणाली, औषधाची वेळ झाली, आणि कॉल संपला.