आरोग्यशिक्षण की लाजेचे खाजगीकरण?

1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेने लोकलज्जेच्या भयाने आपल्या अर्भकाचा जीव घेतला आणि सारा समाज तिच्यावर तुटून पडला. त्या प्रकरणाची पार्श्वभूमी या लिखाणाला होती. गुन्हेगार ती एकटी स्त्री, की तिला त्या कड्यापर्यंत ढकलणारी व्यवस्था? त्याच बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावात, वयात येणाऱ्या मुलीपुढे हे भय आजही उभे आहे. त्यावर व्यवस्थेचे ताजे उत्तर असे: मोबाईलवर अ‍ॅप उतरवून घे.

या साधनाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 च्या जानेवारीत सुरू झाला. 10 ते 19 वयोगटासाठी आहार, मानसिक आरोग्य, व्यसने यांच्या जोडीने लैंगिक व प्रजनन आरोग्यही त्यात आले. 2017 साली केंद्र सरकारने 'साथिया सलाह' हे अ‍ॅप काढले. पाळी, वीर्यस्खलन, गर्भनिरोधक, गुप्तरोग यांविषयी विचारताना मुलांची जीभ अडखळते. यंत्र हसत नाही, रागावत नाही, चावडीवर जाऊन सांगत नाही. हा लाभ लहान नव्हे. आक्षेप आहे तो साधनालाच धोरण म्हणून खपविण्याला.

कारण गुप्तता ही मालकीमागून येते. ज्याचा मोबाईल, त्याची गुप्तता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) ग्रामीण भारतातील 48.7 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण अवघे 24.6 टक्के होते. शेतमजुराच्या घरी एकच स्मार्टफोन असेल, तर तो बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात असतो. मुलीच्या हाती तो येतो अभ्यासाच्या नावाखाली, अर्ध्या तासापुरता. आणि तिने काय पाहिले याची खूण मागे उरते. अर्थशास्त्राच्या भाषेत ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने घेतल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाही. पण ती खाजगी मालकीच्या यंत्रात कोंडली, की तिचे वाटप क्रयशक्तीप्रमाणे आणि घरातल्या सत्तेप्रमाणे होऊ लागते. जिची गरज सर्वांत मोठी, तिच्या वाट्याला सर्वांत थोडे येते.

मग हे ज्ञान वर्गात, सर्वांना, उघडपणे का दिले जात नाही? र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. अश्लीलतेच्या खटल्यात 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्याच महाराष्ट्रात 2007 साली विधिमंडळात गदारोळ होताच शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले. 2009 साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही त्याविरुद्ध कौल दिला. शाळेचे दार असे लावून घेतल्यावर दहा वर्षांनी मोबाईलची खिडकी उघडली गेली. 2020 साली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत नेमण्याची योजना निघाली. पण पालकांच्या रोषाला एकटाच तोंड देणारा शिक्षक धडा उलटून पुढे जाणारच. सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला, तरी राज्यकर्त्यांचा संकोच सुटलेला नाही. अ‍ॅपमुळे त्यांची मोठीच सोय झाली. संस्कृतिरक्षक दुखावत नाहीत, आणि काम केल्याचा अहवालही तयार होतो. समाजाने मोडावयाची लाज एकेका मुलीने एकटीने, चोरून पेलावी, असा हा व्यवहार आहे.

शासन मागे सरले की बाजार पुढे येतो. पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' अ‍ॅपने स्त्रियांची खाजगी माहिती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांना पुरविल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता. 2021 साली ते प्रकरण समझोत्याने मिटले. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई केली, हे योग्यच. परंतु 18 वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची संमती लागेल, असेही त्यात आहे. बापाच्या संमतीने उघडणाऱ्या दारातून मुलगी कोणता प्रश्न विचारील?

आणि यंत्रामागच्या श्रमाचे काय? 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. इंग्रजी अ‍ॅपमध्ये मराठी सेविकेने नोंदी भराव्यात, अशी अपेक्षा होती. ज्या आशा आणि अंगणवाडी सेविका मुलींशी खरोखर बोलू शकतात, त्यांना कामगाराचा दर्जा व नियमित वेतन नाकारावयाचे आणि पडद्यावर मात्र पैसा ओतावयाचा, हे कसले आरोग्यधोरण?

तथापि दोष केवळ सरकारला देऊन कार्यकर्त्यांची सुटका नाही. कापसाच्या भावावर दोन तास बोलणारा कार्यकर्ता पाळीचा विषय निघताच 'महिला आघाडी बघेल' म्हणून उठतो. हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे, असेही ऐकू येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया 2019 साली चव्हाट्यावर आल्या. पाळीच्या खाड्याचा दंड ज्यांना परवडत नव्हता, त्या मध्यमवर्गीय होत्या काय? वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या 23.3 टक्के स्त्रियांचा विवाह अठरापूर्वी झालेला आढळला. शरीराविषयीचे अज्ञान हे शोषणाचे स्वस्त हत्यार आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. लैंगिक शिक्षण शाळेच्या वेळापत्रकात यावे आणि ते शिकविणाऱ्या शिक्षकाला शासनाचे लेखी संरक्षण मिळावे. सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' केंद्रांत स्त्री व पुरुष समुपदेशक कायम असावेत. शाळेत पाणी, दार लागणारे स्वच्छतागृह व पॅड असावेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्यावाचून स्वच्छतेचा उपदेश पोकळ आहे. अ‍ॅप असावेच, ते मराठीत, जाहिरातींविना, सार्वजनिक मालकीचे आणि शाळेच्या संगणकावरही खुले असावे. तोपर्यंत पक्षाच्या प्रत्येक शाखेने गावच्या शाळेत डॉक्टर आणि आशाताईंना बोलावून एक उघडी सभा घ्यावी, आणि तिची सुरुवात पुरुष कार्यकर्त्यांनी करावी.