हॉर्सपॉवर विचारलीत, गिअरबॉक्सचं काय?

पालकदिनाची परेड संपली आणि अकरावीच्या कॅडेट्सनी पार्किंगमधल्या एका गाडीभोवती कडं केलं. बीएमडब्ल्यू एम३४०आय. ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. सगळं पाठ होतं पोरांना, गाडीच्या मालकांपेक्षाही जास्त. मग एकाने मला विचारलं, "सर, एवढं इंजिन दिलं आणि गिअरबॉक्स मात्र टॉर्क कन्व्हर्टर? डीसीटी का नाही?" तेवढ्यात जेवणाची शिट्टी झाली. राहून गेलेलं उत्तर इथे देतो.

रोज रस्त्यावर चालवायच्या ताकदवान गाडीला, निदान आपल्या रस्त्यांवर, टॉर्क कन्व्हर्टरचाच ऑटोमॅटिक घ्यावा असं माझं मत आहे. ते मला पुस्तकात नाही, खंबाटकी घाटात मिळालं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी घेतलेली टर्बो पेट्रोल गाडी होती. कोरड्या क्लचचा डीसीटी, त्यात आधीच्या मालकाने इंजिन रीमॅप करून टॉर्क वाढवलेला. मला त्याचा आनंदच होता. डीसीटीत विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात. तिसऱ्यात चालताना चौथा तयारच असतो. एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो. मोकळ्या हायवेवर गिअर कधी बदलला ते कळायचंसुद्धा नाही.

दिवाळीत आईला आणि पत्नीला घेऊन साताऱ्याला निघालो. घाटात तुंबलेली वाहतूक, वीतभर पुढे, मग थांबा. चढावर ब्रेक धरायचा सोडून मी हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलत राहिलो. इतरांना शिकवणाऱ्या माणसाने हे करावं! क्लचच्या प्लेटा घासत होत्या, तापत होत्या. आधी जळका वास आला, मग दिवा लागला आणि गाडीने इंजिनची पकडच सोडली. आम्ही दोन-तीन फूट मागे घसरलो. मागे मोटारसायकल होती. नवरा, बायको आणि टाकीवर बसवलेलं लहान मूल. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. हातभर अंतर उरलं असेल. तो माणूस काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. आईने एवढंच विचारलं, "तुला गाड्यांतलं कळतं ना रे?"

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल फिरवतो, ते तेल समोरच्या पंख्याला फिरवतं आणि मधला स्टेटर परतणारं तेल वळवून, गाडी सुटताना, टॉर्क वाढवतो. घसरण होते ती तेलात. उष्णता तेलाबरोबर कूलरकडे जाते, प्लेटा झिजत नाहीत. वेग आला की लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, त्यामुळे "कन्व्हर्टर म्हणजे ढिला" ही तक्रार आता जुनी झाली. कन्व्हर्टरवाल्यानेही चढावर ब्रेकच धरावा; पण चूक झाली तर तो बराच वेळ सांभाळून घेतो.

बीएमडब्ल्यूच्या एम५ने हाच प्रवास केला. २००५च्या सुमाराच्या व्ही१० गाडीत एकच क्लच यंत्राने चालवणारा एसएमजी होता. २०११मध्ये डीसीटी आला. २०१७च्या ६०० हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन-मीटरच्या गाडीत मात्र आठ गतींचा टॉर्क कन्व्हर्टर बसला. पोर्शेच्या ९११मध्ये डीसीटी आजही आहे, तेलात बुडालेल्या क्लचचा, आणि तो उत्तमच आहे. ट्रॅकवर मीही तोच मागेन. पण पुणे-सातारा किंवा चंडीगड-मनाली म्हणजे ट्रॅक नव्हे.

ऑटोमॅटिक म्हणजे कच्च्या ड्रायव्हरची गाडी, असं कँटीनमध्ये ऐकतो. १ नोव्हेंबर १९४८ला ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक बर्फातून झोजी ला चढले, हे तुम्हाला इतिहासाच्या तासाला शिकवलं आहे. ते टँकही एम५च, नावाचा योगायोग. त्यांत दोन कॅडिलॅक व्ही८ इंजिनं होती आणि प्रत्येकाला हायड्रामॅटिक, म्हणजे चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यात कन्व्हर्टर नव्हे, साधं फ्लुइड कपलिंग होतं. पण मध्ये तेलच. त्या ड्रायव्हरांना कच्चं म्हणून दाखवा.

तेव्हा गाडी बघताना हॉर्सपॉवरइतकाच गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो हेही विचारा. झेडएफच्या गिअरबॉक्सच्या नावातच त्याचा अंदाज असतो. पहिल्या पिढीच्या ८एचपी७० मधले ७० म्हणजे ७०० न्यूटन-मीटर. (एचपी म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे, हायड्रॉलिक आणि प्लॅनेटरी.) इंजिन रीमॅप करणारा हा आकडा सहसा सांगत नाही. मलाही कोणी सांगितला नव्हता, आणि मी विचारला नव्हता. शिवाय "लाइफटाइम ऑइल" या शब्दांवर जाऊ नका. ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला, असं झेडएफ स्वतःच सांगते.

त्या एम३४०आयचे मालक निघताना माझ्याकडे आले. रीमॅप केलं की आणखी शंभरेक न्यूटन-मीटर मिळतात म्हणे, करू का? मी त्यांना गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितलं आहे. अजून आलेला नाही.